जुना प्रीअँप : नाव नव्हे, जुळणी पाहा

घरी मन लावून गाणे ऐकणाऱ्यांत एक मत घट्ट रुजले आहे. प्रीअँप हा स्टिरिओ संचाचा आत्मा. म्हणून एखाद्या नामांकित परदेशी कंपनीचा जुना, उंची प्रीअँप पुण्या-मुंबईत निम्म्या किमतीत मिळाला, तर डोळे झाकून घ्यावा. अर्धापूर, नांदेड, लातूरकडच्या श्रोत्यांनीही हाच सल्ला प्रमाण मानलेला दिसतो. माझ्या मते तो सदोष आहे.

आधी पूर्वपक्षाला न्याय देऊ. सिग्नल सर्वांत नाजूक असतो तो प्रीअँपमध्ये. तिथे मिसळलेली खरखर पुढे पॉवर अँप वाढवूनच स्पीकरला देतो. जुन्या उंची प्रीअँपमध्ये ट्रान्सफॉर्मर भक्कम, स्विच दर्जेदार, बांधणी चोख. हे सगळे खरे. पण त्यावरून ‘जितका महाग आणि नामांकित, तितका माझ्या संचाला योग्य’ हे सिद्ध होत नाही.

पहिला आक्षेप गेनचा. सीडी प्लेयर किंवा आजचा डीएसी साधारण २ व्होल्ट देतो आणि बहुतेक पॉवर अँप १ ते २ व्होल्टवर पूर्ण ताकद गाठतात. म्हणजे सिग्नल वाढवण्याची गरज जवळजवळ नाहीच. काम आहे ते कमी करण्याचे. जुने प्रीअँप मात्र सिग्नल दहापट वाढवणारे असत. अशा प्रीअँपला २ व्होल्ट दिले आणि पॉवर अँपला १ व्होल्ट पुरत असला, तर नॉब सिग्नल विसाव्या हिश्शावर आणतो आणि पुढची पायरी तो पुन्हा दहापट करते. घरातल्या आवाजाला तर नॉब तळाशीच राहतो. तिथे साध्या व्हॉल्यूम कंट्रोलच्या डाव्या-उजव्या बाजू क्वचितच सारख्या असतात, आणि नॉबनंतरच्या पायरीची सरसर नॉब कितीही खाली केला तरी तशीच राहते.

उलट टोकाचे उदाहरण १९६७ च्या क्वाड ३३ प्रीअँपचे. नाव मोठे आणि ते सार्थही. पण त्याचे रेडिओ व टेपचे इनपुट १०० मिलिव्होल्टच्या आसपासच्या सिग्नलसाठी आखलेले, आणि आउटपुट त्याच्याच जोडीदार ३०३ पॉवर अँपच्या अर्ध्या व्होल्टच्या गरजेचे. आजचा डीएसी एका बाजूला आणि दीड-दोन व्होल्ट मागणारा पॉवर अँप दुसऱ्या बाजूला जोडला, की दोन्हीकडे ओढाताण. इथे उणे आहे ते जुळणीत. प्रीअँपला दोष देता येत नाही.

दुसरा आक्षेप इंपीडन्सचा. पॉवर अँपचे इनपुट इंपीडन्स प्रीअँपच्या आउटपुट इंपीडन्सच्या निदान दहापट असावे. काही व्हॉल्व प्रीअँपचे आउटपुट इंपीडन्स दोन-तीन हजार ओहमपर्यंत जाते. समोर दहा हजार ओहमचा ट्रान्झिस्टर अँप असला, तर खर्ज पातळ होण्याचा धोका असतो. काळी एकच्या तानपुऱ्याची खर्जाची तार साधारण ६९ हर्ट्‌झला बोलते. ख्याल ऐकणाऱ्याने तोच पाया गमावला, तर उंची नावाचा उपयोग काय?

तिसरा आक्षेप वयाचा. इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरचे तापमान दर दहा अंशांनी वाढले की आयुष्य ढोबळमानाने निम्मे होते. नांदेडचा उन्हाळा चाळिशी ओलांडतो. बंद कपाटात ठेवलेला व्हॉल्व प्रीअँप त्याहून तापतो. मार्क लेव्हिन्सनच्या १९७३ च्या एलएनपी-२ सारख्या यंत्रात मॉड्यूल सीलबंद असत. त्यातले काही बिघडले तर साध्या मेकॅनिकच्या हाती काही उरत नाही.

चौथा आक्षेप विजेचा. अमेरिकेतल्या नातलगाने आणलेला प्रीअँप १२० व्होल्ट, ६० हर्ट्‌झचा असतो. स्टेपडाउन ट्रान्सफॉर्मर व्होल्ट उतरवतो, ५० हर्ट्‌झ बदलत नाही; त्यामुळे काटेकोर मापाचा ट्रान्सफॉर्मर जास्त तापतो, गुणगुणतो. त्यात तालुक्याच्या गावी व्होल्टेज कमी-जास्त होते, अर्थिंग कच्चे असते.

यावर शेवटचे उत्तर येते : ‘कान हाच प्रमाण.’ मान्य, पण कानाला न्याय्य परीक्षा द्या. दोन यंत्रांपैकी एकाचा आवाज किंचित मोठा असला तरी तेच सरस वाटते. दोन्हींचे आउटपुट मल्टिमीटरने सारखे केल्याशिवाय केलेली तुलना पुरावा ठरत नाही.

मग जुना प्रीअँप घेऊच नये का? जरूर घ्यावा, पण आपल्या संचावरून मोजून. एलपी ऐकणाऱ्याला तर फोनो विभाग लागतोच : मूव्हिंग मॅग्नेट कार्ट्रिजचे तीन ते पाच मिलिव्होल्ट सुमारे शंभरपट वाढवून त्यांना आरआयएए सुधारणा द्यावी लागते. पण इतर सोर्सना गेन कमी हवा. आउटपुट इंपीडन्स काही शे ओहमच्या आत, सर्किटचा नकाशा उपलब्ध, सुटे भाग बाजारात मिळणारे आणि २३० व्होल्टची सोय मुळातच असलेला प्रीअँप निवडा.

घेताना झाकण उघडून आतला फोटो मागा. फुगलेले कपॅसिटर दिसतात. प्रत्येक नॉब व स्विच फिरवून खरखर ऐका. पॉवर अँप जोडण्याआधी आउटपुटवर डीसी मोजा. तो काही मिलिव्होल्टच असावा. दोन तास चालू ठेवून मग गाण्याविना, नेहमीच्या व्हॉल्यूमला स्पीकरजवळ कान न्या. व्हॉल्व यंत्र मात्र स्वतः उघडू नका; आतले दोन-अडीचशे व्होल्ट बंद केल्यावरही कपॅसिटरमध्ये टिकून राहतात.

आणि सौदा करण्यापूर्वी दुरुस्ती कोण करणार ते ठरवा. नांदेडला जाणकार हात नसेल, तर यंत्र हैदराबाद किंवा मुंबईला न्यावे लागेल. तो खर्च किमतीत धरा. तो धरूनही जुळणी बसत असेल तर जुना प्रीअँप बिनधास्त घ्या. बसत नसेल, तर केवळ नावासाठी पैसे देऊ नका.