बदलापूर, ३ मे १९२७ : आपल्या मुलांना इतिहास तपासता येतो का?

महाडच्या चवदार तळ्याचं पाणी बाबासाहेबांनी २० मार्च १९२७ रोजी ओंजळीत घेतलं. त्यानंतर जेमतेम दीड महिन्याने, ३ मे रोजी, ते आपल्या बदलापुरात होते. शिवजयंती उत्सवाचे अध्यक्ष म्हणून. बदलापुरात राहणाऱ्या किती आंबेडकरी तरुणांना हे माहीत आहे? आम्हालाही ते फार उशिरा कळलं.

कात्रपमध्ये आम्ही रविवारी आठवी ते दहावीच्या मुलांना घेऊन बसतो. तिथे ही गोष्ट सांगितली तेव्हा टाळ्या पडतील असं वाटलं होतं. त्याऐवजी मागून एक मुलगा म्हणाला, "सर, शिवजयंती तर १९ फेब्रुवारीला असते. मग मे महिन्यात कशी?"

त्या दिवशी ठरवलेलं सगळं बाजूला ठेवलं आणि हाच प्रश्न घेतला. जुन्या बखरींमध्ये शिवरायांचा जन्म शके १५४९, वैशाख शुद्ध द्वितीयेचा दिला जात असे. म्हणजे १६२७. त्या हिशेबाने १९२७ हे तीनशेवं वर्ष. मुलांनी मोबाईलवर १९२७ ची अमावस्या शोधली. ती १ मेच्या आसपास निघाली, म्हणजे ३ मे ही वैशाख शुद्ध द्वितीयाच! उत्सव का भरला आणि त्याच दिवशी का, दोन्हींचा उलगडा झाला. मग १९ फेब्रुवारी आली कुठून? जेधे घराण्याच्या कागदांत एक शकावली सापडली, ती टिळकांनी १९१६ साली छापली. तिच्यात शके १५५१, फाल्गुन वद्य तृतीया आहे. शिवरायांच्याच काळातल्या कवींद्र परमानंदाचं 'शिवभारत' १९२७ मध्ये छापून आलं, त्यातही तीच तिथी. पुढे राज्य सरकारने १९ फेब्रुवारी १६३० ही तारीख स्वीकारली. तिथी की तारीख यावरून भांडणं आजही होतात. पण वर्ष तीन वर्षांनी का सरकलं, हे भांडणाऱ्यांपैकी फार थोड्यांना ठाऊक असतं.

एवढ्या कामाला दोन तास गेले. शाळेत याच दोन तासांत दोन धडे 'संपवले' असते. पण मुलं त्या दोन तासांत काय शिकली? हे कोणी लिहिलं, घटनेनंतर किती वर्षांनी लिहिलं, आणि दुसरा कुठला कागद त्याला दुजोरा देतो का, हे विचारायला शिकली. मजकूर शिवरायांचा होता, शिक्षण तपासण्याचं होतं. आम्ही कौशल्य म्हणतो ते याला.

आता शाळेत काय चालतं ते पाहा. महाराष्ट्राच्या दहावीच्या इतिहासाच्या पुस्तकाचा पहिला धडाच इतिहासलेखनाचा आहे. त्यात व्हॉल्टेअर आहे, रांके आहे, मार्क्स आहे, मिशेल फुको आहे. पुढच्या धड्यात वंचितांच्या इतिहासात फुले आहेत, बाबासाहेब आहेत. पुस्तक वाईट नाही, उलट बऱ्याच अंशी चांगलं आहे. पण इतिहास आणि राज्यशास्त्र मिळून ४० गुण, आणि ते मिळवायला गाईड पुरतो. ज्या धड्याने प्रश्न विचारायला शिकवायचं, तोच धडा रिकाम्या जागा भरून पाठ होतो. फुकोने काय केलं हे पोरगं धडाधड सांगतं, पण घरातल्या सातबाऱ्यावर 'भोगवटादार वर्ग २' लिहिलंय त्याचा अर्थ सांगू शकत नाही.

मोठ्या फीच्या शाळांत असं नसतं. तिथली मुलं प्रकल्प करतात, वाद घालतात, जुन्या नकाशांवर लिहितात. माहिती तर आता दोघांच्याही मोबाईलमध्ये सारखीच आहे. फरक पडतो तो ती चाळणीतून काढण्याच्या सवयीचा, आणि ती सवय पुन्हा एकदा त्यांच्याच घरात साठते आहे.

ही मागणी कुणाला परदेशी फॅशन वाटेल, म्हणून आपलाच इतिहास काढू. १८८२ साली जोतीराव फुल्यांनी हंटर आयोगापुढे निवेदन दिलं. प्राथमिक शाळेत काय शिकवावं याची त्यांची यादी बघा : मोडी आणि बाळबोध वाचन-लेखन, हिशेब, इतिहास, भूगोल, व्याकरण यांची तोंडओळख, शेतीचं प्राथमिक ज्ञान, आरोग्य, नीती. मोडी कशाला? कारण गावचा सगळा कारभार मोडीत चाले, आणि कुळकर्ण्याने काय लिहिलं ते वाचता न येणारा शेतकरी अंगठा उठवून बुडे. त्या यादीत इतिहास आणि कागद वाचण्याची ताकद शेजारी-शेजारी बसले आहेत. 'गुलामगिरी' (१८७३) सुद्धा धोंडीबा आणि जोतीराव यांच्या प्रश्नोत्तरांत लिहिली आहे. एक विचारतो, दुसरा पुराणातली गोष्ट उलटी करून तिच्या आत काय दडलंय ते दाखवतो. तो वर्गच आहे, आणि बोलका वर्ग आहे.

त्याही आधी, १८५५ मध्ये, फुले दाम्पत्याच्या शाळेतल्या मुक्ता साळवेचा निबंध 'ज्ञानोदय'मध्ये छापून आला. मातंग समाजातली कोवळ्या वयाची मुलगी. वेद फक्त ब्राह्मणांचे असतील, तर आम्हाला धर्मपुस्तक नाही, आणि पुस्तक नाही तर आम्ही धर्महीन ठरतो, असा तिचा युक्तिवाद. प्रतिपक्षाचं विधान घ्यायचं आणि त्याच्याच टोकापर्यंत त्याला ओढत न्यायचं! हे तिला कुणी पाठ करून दिलेलं नव्हतं.

आणि बाबासाहेब? कोलंबियात ते जॉन ड्यूई, जेम्स शॉटवेल, सेलिग्मन, जेम्स हार्वे रॉबिन्सन यांच्याकडे शिकले. या चौघांना त्यांनी पुढे आयुष्यातल्या उत्तम मित्रांमध्ये गणलं. राजे आणि लढायांच्या जंत्रीपलीकडे इतिहास नेला पाहिजे असं सांगणाऱ्यांपैकी रॉबिन्सन हे मोठं नाव. १९१६ मध्ये अमेरिकेत माध्यमिक शाळांसाठी 'सामाजिक अभ्यास' या विषयाची रूपरेषा एका समितीने मांडली. त्या समितीत हे रॉबिन्सन होते. त्याच वर्षी ९ मे रोजी, त्याच कोलंबियात, गोल्डनवायझर यांच्या चर्चासत्रात बाबासाहेबांनी भारतातील जातींवरचा आपला निबंध वाचला. शाळेत ज्याला आपण कंटाळवाणं 'समाजशास्त्र' म्हणतो, तो विषय जिथे आकार घेत होता तिथेच आपला माणूस बसलेला होता. पुढे 'शूद्र कोण होते?' आणि 'अस्पृश्य' लिहिताना पुरावा कुठे संपतो, अनुमान कुठे सुरू होतं आणि तसं अनुमान इतिहासकाराने का करावं, हे ते वाचकाला उघड सांगतात.

आता एक सावधगिरी. 'कौशल्य' हा शब्द ऐकला की आपल्या माणसाने कान टवकारलेच पाहिजेत. १९५३ साली मद्रास प्रांतात राजाजींनी योजना आणली : मुलांनी अर्धा वेळ शाळेत बसायचं आणि उरलेल्या वेळात बापाचा धंदा शिकायचा. पेरियारांनी आणि द्रविड चळवळीने तिला कुलशिक्षण म्हणून झोडपलं, आणि १९५४ मध्ये राजाजींना जावं लागलं. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात सहावी ते आठवीच्या मुलांनी दहा दिवस दप्तराविना सुतार, माळी, कुंभार यांच्याकडे शिकावं असं आहे. हातकामाला आमचा विरोध नाही. सगळ्याच जातींची मुलं चिखलात हात घालणार असतील तर आनंदच आहे. पण कुणाच्या मुलाला कुंभाराचं चाक आणि कुणाच्या मुलाला युक्तिवाद, ही वाटणी होणार असेल तर ती जुनीच वाटणी नव्या नावाने आली असं आम्ही म्हणू. आम्ही मागतोय ते कौशल्य मुक्ता साळवेचं आहे.

आणि हे आपल्या घरालाही लागू आहे. बाबासाहेबांच्या नावावर रोज किती वाक्यं फिरतात! कात्रपच्या मुलांना आम्ही एकच नियम घालून दिला आहे : शासनाने छापलेल्या खंडांपैकी कुठला खंड, कुठलं पान, ते सांग, मग पुढे पाठव. पहिल्याच आठवड्यात आमचेच दोन लाडके फॉरवर्ड त्यात बाद झाले. जरा ओशाळायला झालं. भीमा कोरेगावला मुलांना नेता ना? मग नुसती घोषणा देऊन परत आणू नका. स्तंभावरची नावं वहीत उतरवून घ्यायला सांगा, शेवटी 'नाक' असलेली नावं मोजायला लावा, आणि ही नावं दगडावर कुणी, का कोरली ते विचारा. कार्यकर्ते म्हणतात, आधी आपला दडपलेला इतिहास तरी पोचू द्या, तपासणी नंतर. आम्हाला हे पटत नाही. जो मुलगा आपला इतिहास तपासून घेतो, त्याला चौकातल्या वादात कुणी हरवू शकत नाही. पाठ केलेला मुलगा दुसऱ्या प्रश्नाला गप्प होतो.

३ मेच्या गोष्टीवर आम्ही वही मिटणार होतो. तेवढ्यात नववीतल्या एका मुलीने विचारलं, "महाडला पाण्यावरून मारहाण झाली त्याला दीडच महिना झाला होता. मग इथल्या उत्सवाला जी आपली माणसं आली, ती पाणी कुठल्या विहिरीवर प्यायली?"

आमच्याकडे उत्तर नव्हतं. 'बहिष्कृत भारत'चे त्या महिन्यांतले अंक वाचायचे आणि कात्रप गावठाणातल्या, बदलापूर गावातल्या म्हाताऱ्या माणसांना भेटायचं, असं ठरलं आहे. काय विचारायचं त्याची यादी मुलीच करताहेत. गावाकडच्या जुन्या विहिरी कुणाला दाखवता येत असतील, तर त्यांनी रविवारी सोबत यावं.