न चाललेल्या बँडांची बखर

माणसाला एखादा नाद असावा. कुणाला पोस्टाची तिकिटं जमवायचा नाद असतो, कुणाला काड्यापेट्यांवरचे छाप जमवायचा, तर कुणाला सोसायटीच्या वार्षिक सभेत हरकती घ्यायचा. हे नाद घरच्यांना चालतात, कारण आल्यागेल्याला ते समजावून सांगता येतात. माझा नाद मात्र आमच्या घराण्यात अजून कुणाला धड सांगता आलेला नाही. मला न चाललेल्या बँडांचा नाद आहे.

'बँड' म्हटल्याबरोबर आमच्या आत्याला वरातीपुढे लाल डगले घालून क्लॅरिनेट फुंकणारी मंडळी आठवतात. "न चाललेला म्हणजे? वरात अडली होती का रे कुठं?" असं तिनं अगदी निर्मळ मनानं विचारलं होतं. शिकलेल्यांची तऱ्हा निराळी. 'इंडिपॉप' म्हटलं की त्यांना १९९५ सालची अलिशा चिनॉय आणि तिचं 'मेड इन इंडिया' आठवतं. माझ्या इंडिपॉपमधल्या 'इंडि'चा इंडियाशी संबंध नाही. 'इंडिपेंडंट'चं ते लाडकं नाव. मोठ्या कंपन्यांचे उंबरठे न झिजवता, पदरचे किंवा उसने पैसे घालून ज्यांनी स्वतःच्या तबकड्या काढल्या, त्या विलायतेतल्या पोरापोरींचं हे संगीत. गिटारी खणखणीत, चाली गोड, गळे बेताचे.

आमचे शेजारी नानासाहेब निवृत्त ऑडिटर. त्यांचा या सगळ्यावर एकच शेरा असतो. "अहो, काळाची चाळणी असते. चांगलं ते वर राहतं, बाकीचं गळून जातं. गळालेलं कशाला वेचत बसता?" नानासाहेबांनी जन्मात कधी पीठ चाळलेलं नाही, हे या वाक्यावरून कुठल्याही गृहिणीच्या ध्यानात येईल. चाळणीतून खाली पडतं ते पीठ. वर राहतो तो कोंडा. पण ऑडिटरशी तोंडी वाद घालू नये, कागद दाखवावेत, म्हणून ही बखर.

बखर म्हटली की मूळ पुरुष हवा. आमचा मूळ पुरुष मँचेस्टरचा. १९७७ च्या जानेवारीत तिथल्या बझकॉक्स नावाच्या बँडनं पाचशे पौंड उसने घेतले आणि 'स्पायरल स्क्रॅच' नावाची चार गाण्यांची तबकडी स्वतःच काढली. आधी हजार प्रती काढल्या, पण मागणी वाढत गेली आणि कर्ज फिटलं. त्याच वर्षी लंडनच्या डेस्परेट बायसिकल्सनी कडी केली. त्यांनी १५३ पौंडांत तबकडी काढली. तीत गाणी दोन, आणि दोन्ही बाजूंना तीच दोन, कारण तसं स्वस्त पडत होतं! हे वाचल्यावर मंडळी मूळची सदाशिव पेठेतली असावीत अशी मला दाट शंका आली. पण सदाशिव पेठ कसर कशी केली ते सांगत नाही. यांनी खर्चाचा आकडा जाहीर केला आणि ऐकणाऱ्यांना सांगितलं, तुम्हीही काढा. आपल्याकडे साठच्या दशकात सायक्लोस्टाइल यंत्रावर अनियतकालिकं निघत, त्यातलाच हा प्रकार. फक्त शाईनं हात माखण्याऐवजी तारांनी बोटं कापायची.

मग लोण ग्लासगोला गेलं. १९८० साली ॲलन हॉर्न नावाच्या तरुणाच्या पोस्टकार्ड कंपनीनं ऑरेंज ज्यूस या बँडची पहिली तबकडी काढली. कंपनीचं बोधचिन्ह ढोल बडवणारं मांजर, आणि घोषणा अशी की तरुण स्कॉटलंडचा आवाज तो हाच! कंपनी म्हणजे मुख्यतः हॉर्नची राहती जागा. अशी घरगुती कंपन्यांची पिलावळ वाढत वाढत गेली. १९८६ साली 'न्यू म्युझिकल एक्स्प्रेस' या लंडनच्या साप्ताहिकानं बावीस बँडांचं एकेक गाणं घेऊन एक कॅसेट काढली आणि वाचकांना पोस्टानं विकली. नाव 'सी-८६'. कोऱ्या कॅसेटवर सी-६०, सी-९० असं लिहिलेलं असे, त्यावरची ही कोटी. पहिलं गाणं प्रायमल स्क्रीमचं, दीड मिनिटाच्या आत आटोपणारं. तेवढ्यात आपल्याकडे तंबोरासुद्धा लागत नाही.

माझा मामेभाऊ तेव्हा लेस्टरला डॉक्टर होता. त्यानं ही कॅसेट उतरवून पाठवली, ती मामीच्या अभंगांच्या कॅसेटवर. त्यामुळं दुसऱ्या बाजूची गिटार संपली की खस्सकन आवाज होतो, एकदम टाळ वाजायला लागतात आणि अर्धा अभंग ऐकू येतो. "तो शेवटचा मुलगा तेवढा बरा गातो," असं आमच्या आईचं मत होतं. सोबतच्या कागदावर बावीस नावं होती, पण डॉक्टरी अक्षरात. केमिस्टला दाखवली असती तर त्यानं बावीस बाटल्या बांधून दिल्या असत्या. ती नावं लावता लावता मी बखरकार झालो.

या शोधाची एक रीत आहे. तबकडीच्या पाकिटामागं बारीक टायपात आभाराची यादी असते. सामान्य माणूस गाणी ऐकतो, नादिष्ट माणूस आभार वाचतो. यानं त्याचे आभार मानलेले, त्याचा ड्रमर तिच्याकडे गेलेला, तिनं नवा बँड काढून आणखी तिघांचे आभार मानलेले. आपल्या लग्नातल्या सोयरिकी परवडल्या.

उदाहरणार्थ, ऑक्सफर्डमध्ये दोन मुली भेटल्या. दोघींच्या अंगावर ग्लासगोच्या 'पेस्टल्स' या बँडचा बिल्ला होता. बिल्ले जुळल्यावर पत्रिका कशाला बघायच्या? १९८६ साली त्यातून टालूला गॉश हा बँड निघाला आणि १९८८ साली संपला. त्यातली एलिझाबेथ प्राइस पुढं चित्रफितींची कलावंत झाली. २०१२ साली तिला टर्नर पारितोषिक मिळालं. दुसरी अमेलिया फ्लेचर. ती अर्थशास्त्र शिकली, व्यापारातल्या मक्तेदारीवर नजर ठेवणाऱ्या सरकारी कचेरीत मुख्य अर्थशास्त्रज्ञ झाली, मग विद्यापीठात प्राध्यापक झाली आणि २०२० साली तिला सीबीई हा किताब मिळाला. "बघा," सौ. म्हणाली, "वेळेवर त्यातून सुटल्या म्हणून भलं झालं." पण अमेलिया सुटली नव्हती, हीच तर गंमत आहे. टालूला गॉशनंतर तिनं हेवनली काढला. तिचा भाऊ मॅथ्यू दोन्हींकडे ड्रम वाजवायचा. १९९६ साली तो गेला, आणि उरलेल्यांनी हेवनली हे नाव मिटून ठेवलं. गाणं थांबवलं नाही, नाव तेवढं बदललं. पुढं २०२३ साली लंडनमध्ये त्याच नावानं ती मंडळी पुन्हा उभी राहिली. मधल्या सत्तावीस वर्षांत ती गाणी जपली कुणी? काळानं खासच नाही. ज्यांच्या कपाटात ती होती त्यांनी.

आता नानासाहेबांच्या चाळणीकडं वळू. केंब्रिजच्या तीन मुलींचा डॉली मिक्स्चर नावाचा बँड होता. १९८२ साली कॅप्टन सेन्सिबलच्या 'हॅपी टॉक'मागं त्यांनी कोरस धरला आणि ते गाणं विलायतेत पहिल्या क्रमांकावर गेलं. म्हणजे दुसऱ्याच्या मागं उभ्या राहिल्या तेव्हा वर, स्वतःचं गायल्या तेव्हा खाली! त्यांच्या स्वतःच्या गाण्यांचा अख्खा अल्बम काढायला कुठली कंपनी पुढं आली नाही. तेव्हा त्यांनीच दोन तबकड्यांचा संच काढला. पांढरी कोरी पाकिटं, हजार प्रती, प्रत्येकीवर हातानं घातलेला क्रमांक आणि सह्या. हजार प्रतींवर तिघींनी सह्या करायच्या म्हणजे काय, हे बँकेत काम केलेल्या माणसाला विचारा. २०१० साली ती गाणी नव्या संचात पुन्हा निघाली. मी ऐकली. पीठ आहे हो, नानासाहेब, सपिटाचं पीठ!

दुसरा कागद ग्लासगोचा. व्हॅसलीन्स या बँडचा पहिला अल्बम १९८९ साली निघतो न निघतो तोच बँड मोडला. खेळ खलास. पण त्यांच्या तबकड्या अमेरिकेच्या वायव्य कोपऱ्यातल्या कर्ट कोबेन नावाच्या मुलापर्यंत पोचल्या होत्या. त्याच्या निर्व्हाना बँडनं यांची तीन गाणी गायली. त्यातलं एक १९९३ साली टीव्हीच्या कार्यक्रमात गायलं, आणि जगाला व्हॅसलीन्स ठाऊक झाले. "मग राहिले की चाळणीत वर!" नानासाहेब विजयी मुद्रेनं म्हणाले. "चाळणी कुठली, नानासाहेब? खाली पडता पडता एकानं ओंजळ धरली. ज्यांच्याखाली कुणी ओंजळ धरली नाही, त्यांचा हिशेब तुमच्या ऑडिटात कुठं आहे?" नानासाहेबांनी चहा मागितला. ऑडिटरनं चहा मागितला की मुद्दा मान्य झाला असं समजावं.

तिसरा कागद माझा सर्वांत आवडता. १९८७ साली ब्रिस्टलमध्ये क्लेअर वॉड आणि मॅट हेन्स या दोघांनी सेरा रेकॉर्ड्स सुरू केली. त्यांचा बाणा असा की एकच माल दोन पाकिटांत घालून गिऱ्हाइकाला दोनदा विकायचा नाही. पन्नासाव्या क्रमांकाला तर त्यांनी तबकडीऐवजी पटावर खेळायचा खेळ काढला. संगीताची साप्ताहिकं त्यांना गोडगोड म्हणून, बायकी म्हणून हिणवत. बायकी असण्यात हिणवण्यासारखं काय आहे, हे मात्र कुणी सांगत नसे. १९९५ च्या ऑगस्टमध्ये त्यांचा शंभरावा क्रमांक निघाला. मग त्यांनी वर्तमानपत्रांत जाहिरात दिली, ब्रिस्टलच्या बंदरात एका जहाजावर समारंभ केला आणि दुकान बंद केलं. दिवाळं वाजलं नव्हतं, भांडणं झाली नव्हती. शंभर झाले, छान झाले, पुरे. आपल्याकडे शंभर झाले असते तर शतकपूर्ती समिती, स्मरणिका, स्मरणिकेतल्या जाहिराती आणि व्यासपीठावर कुणी बसायचं यावरून दोन तट! न चालणं निराळं आणि चालता चालता थांबणं निराळं, हे मला त्या दोघांनी शिकवलं.

त्या शंभराव्या संग्रहाला ब्रिस्टलमधल्या एका बोळाचं नाव दिलं आहे, 'देअर अँड बॅक अगेन लेन', म्हणजे 'जाऊन-परत-ये बोळ'. भिकारदास मारुती आणि खुन्या मुरलीधर यांच्या गावच्या माणसाला अशा नावांचं नवल नाही, पण आमची लेक ब्रिस्टलला नोकरीला असताना मी सौ.ला घेऊन तो बोळ बघायला गेलोच. बोळ आखूड. नावाबरहुकूम गेलो आणि परत आलो. "अहो, सात समुद्र ओलांडून बोळ दाखवायला आणलंत?" सौ. म्हणाली. "बुधवारात काय कमी होते?"

आत्याला मात्र माझा नाद एकदाच कळला. पंजाबी आईबापांच्या पोटी विलायतेत जन्मलेल्या तेजिंदर सिंग यांचा कॉर्नरशॉप हाही असाच छोट्या कंपनीवरचा बँड. १९९७ साली त्यांनी 'ब्रिमफुल ऑफ आशा' हे गाणं काढलं. आशा म्हणजे आपल्या सांगलीत जन्मलेल्या आशा भोसले, आणि विषय म्हणजे ४५ फेऱ्यांच्या छोट्या तबकडीवरचं प्रेम. १९९८ च्या फेब्रुवारीत नॉर्मन कुकनं नव्यानं घोळवलेलं ते गाणं विलायतेत पहिल्या क्रमांकावर गेलं. आत्याला ऐकवलं. बोल कळले नाहीत, पण लताबाईंचं आणि रफीचं नाव येताच ती ताठ बसली. "म्हणजे हे लोक आपल्यासारखेच आहेत की रे," ती म्हणाली, "दुसऱ्याचं गाणं आवडलं म्हणून गाणारे!" इंडिपॉपची याहून नेमकी व्याख्या मी अजून वाचलेली नाही.

आता कॅसेटी गेल्या, आभाराच्या याद्या गेल्या. गाणी हवेतून येतात आणि खाली आकडा दिसतो, हे किती वेळा ऐकलं गेलं त्याचा. परवा रात्री एका नव्या, कुणाच्या खिजगणतीत नसलेल्या बँडचं गाणं सापडलं. दोन मुली, एक मुलगा, गिटार खणखणीत, गळा बेताचा. आकडा होता ४१. मी डोळे मिटून शेवटपर्यंत ऐकलं. डोळे उघडले तर ४२.

लगेच नानासाहेबांचं दार वाजवलं आणि त्यांनाही ऐकवलं. ते काही बोलले नाहीत. पण सकाळी बघतो तो आकडा ४४ झालेला. त्रेचाळिसावे नानासाहेब माझ्यादेखत झाले. चव्वेचाळिसावं रात्री उशिरा, दार लावून, कोण झालं असेल, त्याचं ऑडिट मी अजून केलेलं नाही.