प्लॅस्टिकचा किल्ला

सरकारी नोकरीत वीस वर्षं काढली की माणसाला आधी आकडे दिसतात, मजकूर मागाहून. आनी डिफ्रॅन्को या अमेरिकन गायिकेबद्दल प्रथम वाचलं तेव्हा माझंही तेच झालं. डोक्यात राहिला तो २२ हा आकडा. फेब्रुवारी १९९८मध्ये तिचा 'लिटल प्लॅस्टिक कॅसल' हा अल्बम बिलबोर्डच्या यादीत थेट २२व्या क्रमांकावर आला, आणि पाठीशी एकही बडी कंपनी नव्हती! १९९०च्या सुमारास, जेमतेम विशीत असताना, तिनं बफलोमध्ये स्वतःची कंपनी काढली होती. गिटार घेऊन गावोगाव फिरायचं, गायचं, आणि तिथंच आपल्या कॅसेटी विकायच्या. मोठ्या कंपन्या दारात आल्या, त्यांना ती नाही म्हणत राहिली.

गंमत म्हणजे तिचं कौतुकही आकड्यांतच झालं. १९९७मध्ये 'मिझ' या स्त्रीवादी मासिकानं तिला एका अल्बममागे किती पैसे सुटतात याचा हिशेब छापला. त्यावर तिनं खरमरीत जाहीर पत्र लिहिलं. मी गाणी रचते, मला उद्योजक म्हणून काय मिरवता, असा त्याचा आशय. मला ते पत्र पटतं. यशाची बातमी सगळ्यांनी वाचली, गाणी किती जणांनी ऐकली?

शीर्षकगीतात काचेच्या भांड्यातला मासा आहे, तोच किल्ला दर फेरीला नव्यानं पाहणारा. शेवटचं 'पल्स' तर चौदा मिनिटांचं. त्यात जॉन हॅसेलचा ट्रम्पेट आहे. हा हॅसेल किराणा घराण्याच्या पंडित प्राणनाथांकडे राग शिकला आणि गळ्यातली मींड त्यानं ट्रम्पेटवर आणली. किराणा म्हटलं की आपल्याला मिरजेचे अब्दुल करीम खाँ आठवतात. प्राणनाथ अब्दुल वहीद खाँचे शिष्य, म्हणजे शाखा वेगळी, पण घर एकच. हे कळल्यावर मी ते पुन्हा लावलं. आलापीची सवय असलेल्या कानाला चौदा मिनिटं जड जात नाहीत.

पण मला धरून ठेवलं ते 'फ्युएल'नं. गाणं कसलं, अर्धंअधिक बोलणंच. सुरुवातीलाच मॅनहॅटनमध्ये पाया खणताना गुलामांची दफनभूमी सापडते. ही कल्पना नव्हे. १९९१मध्ये तिथं केंद्र सरकारच्या कचेरीसाठी खोदकाम चालू असताना आफ्रिकन लोकांची अठराव्या शतकातली दफनभूमी लागली. चारशेहून अधिक जणांचे अवशेष निघाले, त्यांत मुलं पुष्कळ. लोक रस्त्यावर उतरले तेव्हा कुठं काही भागातलं काम थांबलं. २००३मध्ये ते अवशेष तिथंच पुन्हा पुरले, २००६मध्ये राष्ट्रीय स्मारक जाहीर झालं. कचेरीची इमारत मात्र त्याआधीच शेजारी उभी राहिली होती.

आमच्या कचेरीची जागा पूर्वी कशाची होती, हे एवढ्या वर्षांत मी कधी कुणाला विचारलेलं नाही. जमिनीचे जुने कागद खालच्याच मजल्यावर आहेत.