उष्णजल-तापन : वाढीव शयनगृहातील

उष्णजल-तापन (वाढीव शयनगृहातील) : बॉयलरमध्ये तापविलेले पाणी नळांतून खेळवून घरातील खोल्या उबदार राखण्याच्या व्यवस्थेस उष्णजल-तापन म्हणतात, आणि अशी व्यवस्था असलेल्या घरास मागाहून जोडलेले शयनगृह उर्वरित घराच्या मानाने थंड राहू लागले म्हणजे त्या खोलीपुरती करावयाची सुधारणा हा या विद्येतील एक स्वतंत्र प्रश्न होऊन बसतो. अमेरिकेच्या ईशान्येकडील न्यू इंग्लंड व न्यूयॉर्क या भागांत, जेथे घरे बहुधा लाकडी सांगाड्याची असतात आणि कुटुंब वाढले की मागील अंगास एखादी खोली वाढविली जाते, तेथे हा प्रश्न विशेषेकरून उद्भवतो.

पूर्वपीठिका : फ्रान्समध्ये बॉनमँ याने १७७७ मध्ये कोंबडीची अंडी कृत्रिम रीतीने उबविण्याच्या कामी उष्ण जलाच्या अभिसरणाचा उपयोग केला, आणि एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास सेंट पीटर्झबर्ग येथे फ्रान्झ सान गाल्ली याने बिडाचा रेडिएटर प्रचारात आणला. आरंभीच्या व्यवस्थांत तापलेले पाणी हलके होऊन आपोआप वर चढे व निवलेले पाणी जड होऊन खाली उतरे, त्यामुळे नळ जाड ठेवावे लागत. विजेवर चालणारा पंप आल्यानंतर तांब्याचे बारीक नळ, ॲल्युमिनियमच्या पातळ पात्यांनी वेढलेले व भिंतीच्या पायथ्याशी बसणारे बेसबोर्ड तापक, आणि एकाच नळाने एकामागून एक खोल्या जोडीत जाणारी मालिका-रचना रूढ झाली.

शैत्याची कारणे : मुख्य घरातील खोलीची एखाददुसरीच भिंत बाहेरची असते, उलट वाढीव खोलीच्या तीन भिंती, छप्पर आणि पुष्कळदा खांबांवर उचललेली जमीन अशी पाच अंगे थंड हवेस उघडी असतात. त्यात मालिका-रचनेतील शेवटचे स्थान तिच्या वाट्यास आले, तर बॉयलरमधून ८२° से. तापमानाने निघालेले पाणी आधीच्या खोल्यांना उष्णता देत देत तिच्यापर्यंत पोचते, तोवर ते ६५° से.च्या आसपास उतरलेले असू शकते. शिवाय थर्मोस्टॅट बहुधा दिवाणखान्यात असतो. तेथील हवा पुरेशी तापताच तो पंप थांबवितो, आणि दूरच्या खोलीची तक्रार त्याच्या दप्तरी दाखलच होत नाही.

उष्णतेचा जमाखर्च : खोलीतून होणारा उष्णताव्यय हा प्रत्येक पृष्ठाचे क्षेत्रफळ, त्याची पारगम्यता आणि आतील व बाहेरील तापमानांतील फरक यांच्या गुणाकारांची बेरीज होय, भेगांतून शिरणाऱ्या हवेचा व्यय तीत वेगळा मिळवावा लागतो. उदाहरणार्थ, २० चौ. मी. क्षेत्रफळाच्या एका खोलीत दर अंश फरकामागे भिंतींतून १५, खिडक्यांतून १२, छपरातून ६, निरोधन नसलेल्या जमिनीतून २४ आणि हवेच्या शिरकावाने १७, असा एकूण ७४ वॉट व्यय धरला, तर बाहेर उणे १२° व आत २०° असता तो सुमारे २,३७० वॉट होतो. बेसबोर्ड तापक ८२° से.च्या पाण्यावर दर मीटर लांबीस सुमारे ५५० वॉट देतो, परंतु ६५° से.च्या पाण्यावर तोच सुमारे ३६० वॉटांवर येतो. सबब तेथे असलेल्या ३ मीटर तापकाकडून जेमतेम १,०८० वॉट, म्हणजे निम्म्याहून कमी उष्णता मिळते. आता जमिनीखाली निरोधन घालून तिचा व्यय २४ वरून ६ वर आणला व भेगा बुजवून हवेचा व्यय निम्मा केला, तर एकूण गरज सुमारे १,५२० वॉटांवर उतरते. आणि बॉयलरपासून स्वतंत्र नळ आणून ८२° से.चे पाणी दिले, तर तोच जुना तापक १,६५० वॉट देऊ लागतो. एकही नवा तापक न बसविता तूट भरून निघते, हे या हिशेबाचे मर्म होय.

परीक्षा : कोणता उपाय योजावा हे ठरविण्यापूर्वी पंप चालू असता खोलीत येणाऱ्या व खोलीतून जाणाऱ्या नळाचे तापमान मोजावे. येणारे पाणीच कोमट असेल तर दोष वितरणाचा. येणारे कढत व जाणारे फारच निवलेले असेल तर प्रवाह अपुरा, आणि त्याचे कारण बहुधा नळात अडकलेली हवा किंवा अर्धवट मिटलेली झडप. दोन्ही कढत असूनही खोली थंड असेल तर तापक अपुरा किंवा व्यय अवाजवी समजावा.

सुधारणेचा क्रम : प्रथम व्यय आवरावा, कारण निरोधन व भेगाबंदी यांचा लाभ इंधनाच्या खर्चातही मिळतो. त्यानंतर नळांतील हवा काढणे, पात्यांवरील धूळ झाडणे, वाकलेल्या पात्या सरळ करणे आणि तापकासमोरील पलंग व पडदे दूर करणे ही अल्पखर्चाची कामे येतात. तापकाच्या तळाशी थंड हवा शिरण्यास व माथ्याशी तप्त हवा निघण्यास वाट नसेल, तर संनयन खुंटते. तिसरी पायरी स्वतंत्र नळ, स्वतंत्र झडप अथवा पंप आणि त्या खोलीतच बसविलेला थर्मोस्टॅट ही होय. १,५२० वॉटांसाठी, पाणी ११ अंश निवते असे धरल्यास, मिनिटास सुमारे २ लिटर प्रवाह पुरतो. म्हणून मोठ्या पंपाची गरज सहसा नसते. एवढ्यानेही न भागल्यास तापकाची लांबी वाढवावी, पंख्याचा तापक बसवावा किंवा जमिनीखालून प्लॅस्टिकच्या नळ्या फिरवाव्यात. रेडिएटरवरील तापनियंत्रक झडप मात्र उबदार खोल्यांत बसवावयाची असते. ती उष्णता रोखू शकते, वाढवू शकत नाही.

दक्षता : जमिनीखालील नळ्यांस कढत पाणी चालत नाही, म्हणून तेथे मिश्रण-झडपेने तापमान उतरवावे लागते, आणि साध्या बॉयलरकडे अतिथंड पाणी परतू लागल्यास त्यात धुराची वाफ द्रवरूप होऊन गंज चढतो, याचाही बंदोबस्त करावा लागतो. उघड्या तळपोकळीतून नेलेले नळ गोठून फुटू नयेत यासाठी त्यांवर निरोधन चढवितात किंवा पाण्यात प्रॉपिलीन ग्लायकॉल मिसळतात. मात्र त्या मिश्रणाची उष्णतावहनक्षमता शुद्ध पाण्याहून कमी असते. मोटारीत वापरावयाचे एथिलीन ग्लायकॉल विषारी असल्याने घरगुती व्यवस्थेत वर्ज्य मानावे.

बॉयलर बदलण्याची सूचना वारंवार केली जात असली, तरी ती बहुधा अनाठायी असते. घरगुती बॉयलर सामान्यतः गरजेहून मोठेच बसविलेले असतात, आणि लहानशी खोली एकटीच उष्णता मागू लागली की असा बॉयलर वरचेवर पेटतो व विझतो. नवा बॉयलर आणखी मोठा आणला तर हा दोष वाढतो. यावर साठवण-टाकी जोडणे किंवा त्या खोलीची मागणी घराच्या दुसऱ्या विभागाशी जुळवून घेणे, हे उपाय आहेत.