मटारचा वेल आणि आमचा किल्ला

दिवा पूर्वेला आमच्या चाळीच्या मागे दोन बाइक उभ्या राहतील एवढी जागा आहे. दर दिवाळीत मुलं तिथे किल्ला करतात. मीही केलाय. विटा, गोणपाट, लाल माती आणि तटाखाली पेरलेला हळीव. गेल्या वर्षी चाळ पाडायचं नक्की झालं, म्हणजे तो शेवटचा किल्ला. शेजारचा चौथीतला पोरगा म्हणाला, "दादा, असा फोटो काढ की खरा गड वाटला पाहिजे."

पहिला फोटो मी उभ्यानेच काढला. आला मातीचा ढीग, मागे काकूंची वाळत घातलेली चादर. पोराने पाहिला आणि काहीच बोलला नाही.

मग मी इंजिनिअरने करावं तेच केलं, सामान शोधायला लागलो. फुल-फ्रेम कॅमेरा, १०० मिमीची मॅक्रो लेन्स, वर हप्त्यांची सोय. कार्ट भरून तयार होतं. पैसे भरायच्या आधी दादासाहेब फाळक्यांबद्दल वाचायला घेतलं, ते मात्र बरं झालं.

फाळके नुसते सिनेमावाले नव्हते. बडोद्याच्या कलाभवनात त्यांनी फोटोग्राफीबरोबर मूर्तिकामही शिकलं होतं. १९११ मध्ये गिरगावात ख्रिस्ताच्या जीवनावरचा चित्रपट पाहिला आणि त्यांना दुसरं काही सुचेना. विमा पॉलिसी गहाण टाकून फेब्रुवारी १९१२ मध्ये ते लंडनला गेले. विल्यमसन कंपनीचा कॅमेरा ५० पौंडांना घेतला, सोबत फिल्मला भोकं पाडायचं यंत्र. कारण तेव्हा कोरी फिल्म भोकांशिवाय मिळायची. घरी अंधाऱ्या खोलीत ती भोकं पाडायचं काम सरस्वतीबाईंनी केलं. (कॅमेऱ्याचं नाव सगळ्यांना ठाऊक असतं, भोकांचं काम कुणाच्या लक्षात राहत नाही.)

एवढ्याने पैसे लावायला कोण तयार होणार? म्हणून फाळक्यांनी कुंडीत मटार पेरला, समोर कॅमेरा मांडला आणि महिनाभराहून जास्त त्याची वाढ टिपली. पडद्यावर तो वेल मिनिटभरात वर चढला. पैसे मिळाले. ३ मे १९१३ ला 'राजा हरिश्चंद्र' कोरोनेशनमध्ये लागला.

या गोष्टीत 'रोज एक फ्रेम' असं ठिकठिकाणी लिहिलेलं सापडतं. लोकलमध्ये फोन छातीशी धरून मी हिशोब केला. सेकंदाला १६ फ्रेम धरल्या तर एका मिनिटाला ९६० लागतात. रोज एक घेतली तर महिन्यात ३०, म्हणजे जेमतेम दोन सेकंद. मिनिटभराच्या फिल्मसाठी दिवसाला तीसेक तरी हव्यात. म्हणजे हा माणूस दिवसभर त्या कुंडीभोवतीच असणार, तेही डोळ्यांच्या मोठ्या दुखण्यातून उठल्यावर. पुढे १९१५ मध्ये त्यांनी 'आगकाड्यांची मौज' केली, नुसत्या काड्या हलवत, चित्रामागून चित्र घेत. माझ्या दृष्टीने आपल्याकडच्या छोट्या वस्तूंच्या छायाचित्रणाची सुरुवात तिथे आहे. आणि कॅमेरा हाताने फिरवायचा. बदलत होता तो फक्त वेळ.

मी कार्ट रिकामं केलं. त्यागबिग काही नाही, साधं गणित होतं. लेन्स वस्तूच्या जितकी जवळ न्याल तितका स्पष्ट दिसणारा पट्टा अरुंद होतो. मोठ्या सेन्सरवर मॅक्रो लेन्स पूर्ण उघडी ठेवली तर मावळ्याचं नाक स्पष्ट आणि पाठीमागचा बुरूज धूसर. आपला डोळा खरा गड लांबून, सगळाच्या सगळा स्पष्ट पाहतो, म्हणून धूसर झालं की खेळणं ओळखू येतं. छिद्र एफ १६ पर्यंत बारीक केलं तर जमतं, पण उजेड घटतो, मग स्टँड आणि दिवे आले. फोनचा सेन्सर मुळातच नखाएवढा, त्यामुळे हा पट्टा आपोआप रुंद मिळतो. फक्त पोर्ट्रेट मोड बंद ठेवायचा, आणि फोन आपल्या मनाने मॅक्रोवर उडी मारतो तेही.

मग फोन उलटा धरला, कॅमेरा जमिनीला टेकेल असा. डोळा मावळ्याच्या उंचीवर आला आणि चादर तटामागे गेली. उजेड एकाच बाजूने, लांबून, कारण सूर्य एकच असतो.

किल्ल्यावर सलाइनच्या नळीचा धबधबा होता. तो खोटाच दिसत होता, पाणी फार भरकन पडायचं. आमचा मावळा चार इंची, म्हणजे माणसाच्या साधारण सोळाव्या भागाचा. पडायला लागणारा वेळ उंचीच्या वर्गमुळाप्रमाणे बदलतो, म्हणून पाणी चौपट संथ दाखवायचं. सेकंदाला १२० फ्रेम घेऊन ३० च्या वेगाने चालवल्या, झालं. थेंब मात्र मोठेच राहतात, त्याला इलाज नाही.

हळिवाची गंमत याच्या उलट. पेरल्या दिवशीच जुना फोन विटांच्या खाचेत चार्जरला लावून बसवला होता. दर दहा मिनिटांनी एक फोटो, रात्री ट्यूब चालू. चार दिवसांत ५७६ फ्रेम, सोळाच्या वेगाने ३६ सेकंद. तट डोळ्यांदेखत हिरवा होतो.

गडाचा फोटो पोराला दाखवला. तो म्हणाला, "हा कुठलाय?"

तिसऱ्या दिवसाच्या एका फ्रेममध्ये मांजर आलंय, बालेकिल्ल्याहून उंच. दिसतं ते सेकंदाच्या सोळाव्या भागापुरतं. चाळ रिकामी झाली तरी मुलं व्हिडिओ मागतात आणि बोटाने मागेपुढे करत बरोब्बर तिथेच थांबवतात.