चुलीवरचं धुराडं : बसवलं कुणी, सांभाळलं कुणी?

आजचा विषय आपल्या डोक्यावरचा आहे, अगदी शब्दशः. चुलीच्या वर, छपरातून बाहेर गेलेलं धुराडं. कुणाकडे ते मातीचं आहे, कुणाकडे सिमेंटच्या पाईपचं, कुणाकडे पत्र्याचं. काहींच्या घरात ते नावापुरतं उभं आहे आणि धूर मात्र पहिल्यासारखा घरभर फिरतोय. पावसाळ्यात तर त्याच भोकातून पाणी गळतं, मग घरचे म्हणतात, काढून टाका एकदाचं. असं का झालं, हे समजायला थोडं मागे जायला हवं.

आपल्याकडच्या जुन्या घरात वेगळं धुराडं नसायचंच. कौलारू घरात धूर कौलांच्या फटींतून वाट काढायचा. धाब्याच्या घरात छताला एक भोक ठेवायचे, काही भागांत त्याला सवणं म्हणतात. उजेड आत यायचा, धूर बाहेर जायचा, आणि पाऊस आला की त्यावर झाकण पडायचं. धूर घरात राहतो याचं कुणाला फारसं वावगं वाटत नसे. वाशांवर काजळी बसली की लाकडाला कीड लागत नाही, असं म्हणायचे. बियाण्याची मक्याची कणसं चुलीच्या वर टांगायचे, धुरानं त्यांना किडा लागत नसे. म्हणजे धुराचा घराला आणि बियाण्याला उपयोग होता. चुलीपुढं बसणारीच्या डोळ्यांचा आणि छातीचा हिशेब मात्र कुणी मांडला नव्हता.

तो हिशेब मांडायला सुरुवात झाली त्यात आपल्या महाराष्ट्राचाही वाटा आहे. 1934 साली वर्ध्याला अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ सुरू झाला. त्याचं काम जे. सी. कुमारप्पा बघायचे आणि ते मगनवाडीतून चालायचं. घाणी, चरखा, हातकागद यांच्या जोडीला तिथं चुलीचाही विचार झाला. त्यातून मगन चूल आली. माती-विटांची चूल, एका जाळावर एकाहून जास्त भांडी आणि मागे धूर बाहेर नेणारं धुराडं. पुढं 1950 च्या दशकात हैदराबादच्या अभियांत्रिकी संशोधन प्रयोगशाळेतले एस. पी. राजू यांनी अशाच धुराड्याच्या चुलीचा प्रचार केला. कोट्यवधी घरांची स्वयंपाकघरं बिनधुराची व्हावीत, हा त्यांचा ध्यास होता.

धूर किती, हे मोजलं गेलं ते 1981 साली. कर्क स्मिथ नावाचे शास्त्रज्ञ आणि त्यांचे भारतीय सहकारी गुजरातमधल्या चार खेड्यांत गेले. स्वयंपाक करणाऱ्या बायकांच्या अंगावर हवा ओढून घेणारी छोटी यंत्रं लावली. शहरातल्या गाड्यांच्या आणि कारखान्यांच्या धुराची चर्चा जगभर चालली होती. त्याहून कितीतरी जास्त धूर खेड्यातल्या बाईच्या छातीत रोज जातोय, हे त्या मोजणीनं दाखवलं. जागतिक आरोग्य संघटनेनं सांगितलं होतं की घरातल्या चुलीच्या धुरानं जगात वर्षाला सुमारे 32 लाख माणसं दगावली. हा 2020 सालचा अंदाज आहे.

डिसेंबर 1983 मध्ये केंद्र सरकारनं सुधारित चुलीचा कार्यक्रम सुरू केला आणि लवकरच तो देशभर नेला. 2002 साली केंद्रानं तो थांबवून राज्यांवर सोपवला. तोवर देशात साडेतीन कोटींच्या आसपास चुली बसवल्या गेल्या होत्या. महाराष्ट्रात या कामाला पुण्याच्या 'आरती' संस्थेची तांत्रिक मदत होती. डॉ. आनंद कर्वे आणि सहकाऱ्यांनी 1996 मध्ये ही संस्था उभी केली. साच्यातून चूल घडवायची, म्हणजे प्रत्येक चुलीचं माप सारखं राहील, आणि कुंभारांना, गावातल्या उद्योग करणाऱ्यांना ते शिकवायचं, अशी त्यांची पद्धत. दोन भांड्यांची, धुराड्याची लक्ष्मी चूल त्यातलीच.

एवढ्या चुली बसल्या, मग गेल्या कुठं? सरकारी तक्त्यात 'बसवली' हा रकाना होता, 'दुरुस्त केली' हा नव्हता. गवंडी यायचा, पाईप उभा करायचा, मोजणी व्हायची. पहिल्या पावसात छपराच्या भोकातून पाणी आलं की त्याच्याकडे निरोप पाठवूनही उपयोग नसायचा. पाईपात काजळी साचली की धूर उलटा यायचा. तो साफ करायचा असतो, हे बऱ्याच घरांत कुणी सांगितलंच नव्हतं. मग कुणी पाईप काढला, कुणी तो बुजवला, कुणी जुनी तीन दगडांची चूल परत मांडली. दोष बाईच्या माथी आला : हिला सुधारणा नको.

हे खरं नव्हतं. ओडिशातल्या एका मोठ्या अभ्यासानं ते पुढं दाखवलं. तिथं सुमारे 2,600 घरांत धुराड्याच्या चुलींवर कित्येक वर्षं लक्ष ठेवलं. पहिल्या वर्षी बायकांच्या छातीत जाणारा धूर कमी झाला. त्यानंतर मात्र फरक दिसेनासा झाला. चुली मोडत गेल्या, वेळेवर दुरुस्त झाल्या नाहीत, वापर कमी झाला. म्हणजे धुराडं बसवणं हे अर्धंच काम होतं.

आपल्या शिरोळ तालुक्यात हे आणखी अवघड आहे. एक तर आपली काळी जमीन. उन्हाळ्यात भेगाळते, पावसात फुगते. घराची भिंत हलते आणि भिंतीला चिकटलेल्या पाईपाचे सांधे सुटतात. दुसरं म्हणजे पूर. नरसोबावाडीला कृष्णा-पंचगंगेचा संगम, त्यामुळं 2005, 2019 आणि 2021 चे महापूर आपल्या गावांनी अंगावर घेतले. पाण्यात बुडालेली मातीची चूल विरघळते, आणि वरून शाबूत दिसणाऱ्या धुराड्याच्या बुडात पोकळी राहते. तिसरं म्हणजे जळण. उसाचं पाचट, चिपाडं, तुराट्या, शेणी. अर्धवट वाळलेलं जळण जास्त धूर करतं, आणि त्या धुराचं चिकट काळं पाणी पाईपात जमतं.

धुराडं कसं चालतं हे समजायला आपल्या भागातलं गुऱ्हाळ आठवा. चुलवणाचं धुराडं उंच का बांधतात? तापलेली हवा हलकी होऊन वर जाते आणि खालून ताजी हवा ओढून घेते. धुराडं जेवढं उंच आणि गरम, तेवढी ओढ जास्त. मध्ये कुठं भेग असेल तर तिथून गार हवा आत शिरते, पाईप थंड होतो, ओढ तुटते आणि धूर चुलीच्या तोंडातून घरात येतो. म्हणून लक्षात ठेवा : धूर येतो एकीकडून आणि भेग असते दुसरीकडे. पाण्याचंही तसंच. पाणी छपरावर एका जागी शिरतं, रिपेवरून, वाशावरून धावत जातं आणि टपकतं भलतीकडंच.

आता गळती शोधायची कशी? चूल चांगली पेटलेली असताना पेटती उदबत्ती पाईपाच्या प्रत्येक सांध्याजवळ धरा. धूर आत ओढला गेला तर तिथं भेग आहे. दुसरा उपाय दोघींनी करायचा. चुलीत थोडा ओला पाला टाकून धूर करायचा, आणि वर एकीनं ओलं पोतं टाकून धुराड्याचं तोंड दोन मिनिटं झाकायचं. जिथून धूर बाहेर येईल तिथं खडूनं खूण करा. या वेळी दारं-खिडक्या उघड्या ठेवा, लेकरं बाहेर पाठवा, आणि लगेच पोतं काढा.

पाण्याची गळती असेल तर आधी डाग बघा. कोरड्या दिवसातही तपकिरी, डांबरासारखं पाणी ओघळत असेल तर ते पावसाचं नाही, ओल्या जळणाचं आहे. जळण वाळवा, पाईप साफ करा. पावसातच गळत असेल तर कोरड्या दिवशी छपरावर पाणी ओतून बघा. आधी पाईपाच्या खालच्या बाजूला, मग बाजूंना, शेवटी वरच्या बाजूला. आत एकीनं बॅटरी घेऊन वाशांवर लक्ष ठेवायचं. कुठं ओतल्यावर आत पाणी आलं, तीच जागा.

दुरुस्ती साधी आहे. चुलीजवळच्या गरम भागात सिमेंट वापरू नका, ते तापून तडकतं. भेग खरवडून मोकळी करा, पाण्यानं भिजवा आणि माती, शेण, तूस एकत्र मळून पातळ थरांनी भरा. एक थर वाळला की दुसरा. वाळताना पुन्हा भेग पडली तर परत भरायची, त्यात कमीपणा नाही. छपराच्या भोकाला पत्र्याची चौकोनी पट्टी पाईपाभोवती बसवून घ्या. तिची वरची कड वरच्या कौलाखाली आणि खालची कड खालच्या कौलावर आली पाहिजे. उलटं बसवलं तर पाणी आत येणारच. धुराड्याला टोपी हवी, पण ती अगदी टेकलेली नको. पाईपाच्या रुंदीच्या निम्मं तरी अंतर ठेवा, आणि टोक आढ्याच्या वर काढा. महिन्यातून एकदा बांबूला फडकं बांधून काजळी काढा. सिमेंटचा जुना पाईप किंवा पत्रा असेल तर तो घासू-कापू नका, त्यात अॅस्बेस्टॉस असण्याची शक्यता असते आणि त्याची धूळ फुप्फुसाला वाईट. जुन्या पत्र्यावर पाय देऊ नका, तो मोडतो.

एक धोका डोळ्यांना दिसत नाही. अर्धवट जळणाऱ्या चुलीतून कार्बन मोनॉक्साइड नावाचा विषारी वायू येतो. त्याला वास नाही. चुलीपुढं बसल्यावर डोकं दुखतंय, मळमळतंय, आणि बाहेर आल्यावर बरं वाटतंय, तर लगेच हवेत या आणि धुराडं तपासून घ्या. बंद खोलीत चूल किंवा शेगडी पेटवून झोपू नका.

1 मे 2016 ला उज्ज्वला योजना सुरू झाली आणि गॅस आपल्या घरी आला, ही मोठी गोष्ट. तरी अंघोळीच्या पाण्याची चूल, बंब, जनावरांच्या खाद्याचं पातेलं, भाकरीचा तवा आणि सिलिंडर संपल्यावरचे दिवस अजून आहेतच. चूल आहे तोवर धूर आहे. धूर आहे तोवर धुराडं नीट हवं.

म्हणून बचत गटाला एक सुचवते. येत्या बैठकीत प्रत्येकीनं सांगायचं, आपलं धुराडं शेवटचं कधी साफ केलं. पावसाआधी दोघी-दोघींच्या जोड्या करून गल्लीतली धुराडी तपासायची. पत्रा, पाईप एकदम आणले तर भाडं वाटून जाईल. आणि गटाच्या वहीत तारखेपुढं एक शब्द लिहायचा, जो सरकारी तक्त्यात कधी नव्हता : दुरुस्त.