बेडकाच्या रक्तांतील गिरमिट

पॅरिसमध्यें वैद्यकी करणारा हंगेरियन डॉक्टर डेव्हिड ग्रुबी यानें १८४३ सालीं बेडकाच्या रक्ताचा थेंब सूक्ष्मदर्शकाखालीं पाहिला. बेडकाच्या तांबड्या पेशी अंडाकृति आणि माणसाच्या पेशींहून लांबीला जवळजवळ तिप्पट. त्यांच्या गर्दींतून एक पारदर्शक जीव अंगाला पीळ देत पुढें सरकत होता. सुताराचें गिरमिट लाकडांत शिरावें तशी ती गति! म्हणून त्याच अर्थाच्या ग्रीक शब्दावरून ग्रुबीनें त्याला ‘ट्रिपॅनोसोमा’ म्हटलें. त्याच सालीं मेयर यानेंहि हा जीव पाहिला होता. त्यानें दिलेलें ‘रोटेटोरियम’ हें नांव जातीला चिकटलें, कुळाचें नांव मात्र ग्रुबीचेंच राहिलें.

त्या काळीं या जीवाच्या कडेची थरथरणारी झालर तेवढी नजरेंत भरे. आंतली रचना पुढें रंगद्रव्यांनीं उघड केली: एक केंद्रक, त्याहून लहान असा एक ठिपका, आणि ठिपक्यापाशीं उगम पावून झालरीच्या कडेनें धांवणारा चाबकासारखा तंतु. हा ठिपका म्हणजे डी. एन्. ए.चा दाट गठ्ठा होय, हें विसाव्या शतकांत कळलें.

बेडकाला हा पाहुणा बहुधा फारसा जाचत नाहीं. पाण्यांतली जळू बेडकाचें रक्त शोषते, तिच्या शरीरांत या जीवाचें रूप पालटतें, आणि तिच्याच द्वारें तो दुसऱ्या बेडकांत शिरतो.

हें निरुपद्रवी रूपच पुढें भोंवलें. १८७८ सालीं कलकत्त्यास टिमथी लुईस याला उंदरांच्या रक्तांत तसलेच जीव आढळले, आणि उंदीर तर धडधाकट! १८८० सालीं, आज पाकिस्तानांत असलेल्या डेरा इस्माइलखान येथें, पशुवैद्य ग्रिफिथ एव्हान्स याला ‘सर्रा’ रोगानें खंगणाऱ्या घोड्यांच्या व उंटांच्या रक्तांत हें गिरमिट सांपडलें. रोगाचें मूळ हेंच, असें तो म्हणाला. पण तें सहजासहजीं कोणी मानलें नाहीं. त्यांत हट्टापेक्षां सवयीचा दोष अधिक असावा.

१८९५ सालीं झुलूलँडमध्यें डेव्हिड ब्रूस यानें गुरांच्या ‘नगाना’ रोगांत हा जीव ओळखला. तेथें जळूची जागा त्सेत्से माशीनें घेतली होती. १९०३ पर्यंत युगांडांतील निद्रारोगाचें कारणहि असेंच एक गिरमिट ठरलें. व्हिक्टोरिया सरोवराच्या परिसरांत त्या सांथीनें सुमारें अडीच लाख माणसें दगावलीं, आणि अखेर सरोवराकांठच्या वस्त्याच सरकारला हलवाव्या लागल्या.